बगळा, जवाई आणि आमची रोवणी

या जुलैत माझ्या गावी, करडीला गेले, तेव्हा बसमधून उतरल्यावर पाय घराकडे वळलेच नाहीत. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यानं ते शाळेतल्या गुरुजींच्या बांध्यांकडे, धानाच्या शेतांकडे निघाले. पाऊस नुकताच थांबला होता. धुऱ्यावरच्या, बांधीच्या कडेच्या गवतानं चपला भिजून घसरायला लागल्या, म्हणून मी त्या हातात घेतल्या. बांधीत गढूळ पाणी साचलं होतं, त्या पाण्यात आभाळ उतरलं होतं, आणि त्या आभाळातून एक लाल यंत्र सावकाश फिरत होतं. त्याच्या मागच्या चिमट्यांतून धानाची रोपं चिखलात खोचली जात होती. ओळी अशा सरळ, की जणू वहीवर पट्टीनं आखलेल्या. यंत्रावर बसलेल्या माणसाच्या कानात गाणी चालू असावीत, कारण तो एकटाच मान डोलवत होता.

यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यानं ज्या बायांच्या कंबरा वाचवल्या, त्यांतली एक माझी माय आहे. पण यंत्र बोलत नाही. एवढी मोठी बांधी, रोवणी चालू, आणि कुठे हसण्याचा आवाज नाही, कुणाच्या सुनेची गोष्ट नाही, भांडण नाही. बेडूक तेवढे ओरडत होते.

वास मात्र तोच होता. पऱ्ह्यांचा, म्हणजे उपटून पेंढ्या बांधलेल्या कोवळ्या रोपांचा. हिरवा, थोडा गोड, थोडा कुजका. त्या वासात मला नेहमी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा, स्टीलच्या कॅनमधल्या काळ्या चहाचा आणि ओल्या लुगड्यांचा वास मिसळलेला येतो, जरी त्यातलं आता तिथे काही नसलं तरी. मी धुऱ्यावर उभी राहिले आणि मला एकदम बगळ्याची आठवण झाली.

सहा-सात वर्षं झाली असतील. मी बीएस्सी करून घरी बसले होते. फॉर्म भरत होते, उत्तर येत नव्हतं. सकाळी पुस्तक घेऊन बसलं की शेजारपाजारचे विचारून जायचे, "लागली का वो नोकरी?" त्यापेक्षा चिखल बरा म्हणून मी मायच्या टोळीत रोवणीला जायला लागले.

माय टोळीची पुढारीण होती. अकरा बाया, मी बारावी. बांधीच्या एका धुऱ्याला ओळीनं उभं राहायचं, कंबरेत वाकायचं, डाव्या हातात पेंढी, उजव्या हातानं दोन-दोन, तीन-तीन रोपं चिखलात खोचत मागे मागे सरकत जायचं. एका टोकाला माय. दुसऱ्या टोकाला सिंधूकाकू.

काकूचं घर आमच्या घराला लागूनच. मध्ये कुडाची भिंत आणि तिच्यावर दोडक्याचा वेल. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन करडीत आल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला धावल्या. आणि त्या वर्षी त्यांचा अबोला दोन वर्षांचा झाला होता. तो का पडला ते मी सांगत नाही. मला नीट माहीत नाही, आणि त्या दोघींना तरी तेव्हा धड आठवत असेल असं वाटत नाही. वेल मात्र दोन्ही बाजूंना सारखेच दोडके देत होता.

अबोला असला तरी काम एकाच टोळीत. त्यामुळे निरोप्याची गरज पडायची, आणि ती जागा मला मिळाली होती. मी ओळीच्या मधोमध.

"पोरी, तिले सांग, तिची ओळ वाकडी होऊन राहिली," माय म्हणायची.

सगळ्यांना ऐकू जायचं. काकूलाही. पण मी ते पुन्हा सांगेपर्यंत काकू ऐकल्याचंही दाखवायची नाही. मग म्हणायची, "तुझ्या मायले म्हणा, आधी डोळे तपासून घे. मी सरळच रोवतो."

आमच्याकडे जुन्या बाया स्वतःबद्दल बोलताना 'मी रोवतो', 'मी जातो' असंच बोलतात. शाळेत बाईंनी मला ते विसरायला लावलं. कानाला मात्र अजून तेच खरं वाटतं.

शर्यत आमच्या बांधीत शिरली ती दुपारच्या जेवणात. नागपूरला होस्टेलात माझ्या रूम पार्टनरनं मला तिचं वेड लावलं होतं. युरोपातली सायकलींची मोठी शर्यत. दर जुलैत, तीन आठवडे, रोज नवा रस्ता. पळसाच्या झाडाखाली शिदोऱ्या सुटल्या होत्या, भात, लाखोळीची डाळ, कांदा, ठेचा. मी उष्टा हात बाजूला धरून डाव्या हातानं मोबाईलवर आदल्या दिवशीची शर्यत बघत होते. टोळीतली सगळ्यांत म्हातारी तुळसाआजी माझ्या खांद्यावरून वाकली.

"का पाहून राहिली वो?"

"सायकलीची शर्यत आहे आजी. युरोपातली."

"किती लांब जातेत?"

"एकवीस दिवस चालते."

"एकवीस दिवस सायकल?" आजीचा घास हातातच राहिला. "काहून? बस नाही का तिकडं?"

सगळ्या हसल्या. पण मोबाईल हातोहात फिरला. मायकडे आला तेव्हा तिनं तो बराच वेळ सोडला नाही. पडद्यावर एक लांबच लांब घोळका सपाट रस्त्यानं चालला होता, सगळे कंबरेत वाकलेले, माना खाली.

"हे तर आपल्यासारखेच हायेत," माय म्हणाली. "फक्त हे पुढं जातेत, आपण मागं."

मग तिनं बोट ठेवलं. "याची पाठ पाह्य. बाकीचे हलून राहिले, हा हलत नाही. फक्त पाय चालते याचे. हा थकनार नाही."

ज्याच्यावर बोट ठेवलं तो उंच, हाडकुळा, लांब मानेचा गडी होता. पांढरा शर्ट. एका लहानशा देशाचा. आधी दोनदा दुसरा आला होता, पहिला कधीच नाही. त्याचं नाव मी सांगितलं, तर तुळसाआजीनं ते तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हटलं आणि सोडून दिलं. समोर चिखलणीच्या औतामागे बगळे उतरले होते, माना पुढे काढून, एका चालीनं. त्याचं नाव तिथेच पडलं. बगळा.

आणि गेल्या वर्षी जिंकलेला जो होता, गोरागोमटा, सगळ्यांत पुढे असणाऱ्याचा पिवळा शर्ट घालून मिरवणारा, त्याचं नाव काकूनं ठेवलं. त्याच्या टीमचे सात जण त्याच्या पुढेमागे असायचे. एक वाऱ्याला आडवा, एक पाण्याच्या बाटल्या घेऊन, एक खायला देतोय.

"हा तर जवाईच दिसते," काकू मलाच म्हणाली, पण मायला ऐकू जाईल अशा आवाजात. "मले हा आवडला. मी जवाईच्या बाजूनं."

झालं. टोळीची फाळणी झाली.

त्यानंतर रोवणी म्हणजे शर्यतीची चर्चा. सकाळी आठला चिखलात पाय पडले की मला आधी आदल्या दिवसाचा हिशोब द्यावा लागे, कोण किती मागे राहिला, कुणाची साखळी उतरली, आज रस्ता कसा आहे. मला वाटलं होतं की नियम समजावणं अवघड जाईल. एक दिवस पहिला येऊन भागत नाही, एकवीस दिवसांचा मिळून ज्याचा वेळ सगळ्यांत कमी, तो जिंकला, हे मी अगदी सावकाश सांगायला घेतलं, तर माय म्हणाली, "हो न. एक बांधी लवकर रोवून का होते? रोवणा पुरा झाला पायजे." विषय संपला.

भांडण होतं ते दुसऱ्याच गोष्टीवर.

"पोरी, तिले विचार," माय म्हणायची, "सात जण पाणी पाजून राहिले, तर जिंकण्यात जवाईचं का कवतिक?"

"मायले सांग," काकूचं उत्तर तयार, "सात जण उगाच मरतेत का त्याच्यासाठी? घर बांधून ठेवाले अक्कल लागते. बगळ्याले कोण विचारते? एकटाच फिरते."

"एकटा हाये म्हणूनच त्याचं कवतिक."

"एकटा हाये म्हणूनच हारते."

मधे उभी राहून मी दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणायची सोडून दिली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. हात चालत होते, पेंढ्या सुटत होत्या, पाण्यात बोटं बुडाल्याचा तो बारीक 'डुब डुब' आवाज चालू होता. मला तेव्हा नोकरीची आठवण दिवसदिवसभर होत नसे.

शर्यत थेट दिसायची ती संध्याकाळी. आमच्या वस्तीत नेटवर्क धड येतं ते बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर. तेव्हा पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. रोज संध्याकाळी विहारात वाचन असे. बाया पांढरी लुगडी नेसून यायच्या, अगरबत्तीचा वास बाहेरपर्यंत यायचा. वाचन, वंदना झाली की एरवी सगळ्या घरी पांगायच्या, पण त्या वर्षी पायऱ्यांवर ठिय्या पडायचा. मी मोबाईल खांबाला टेकवून ठेवायची. इंग्रजी बोलणं मी मराठीत सांगायची, आणि माझ्या मराठीचं तुळसाआजी आपल्या बोलीत करून मागच्यांना सांगायची, त्यात स्वतःची भर घालून. एकदा पाऊस लागलेला दिसला तर म्हणाली, "बिचारे ओले होऊन राहिले. पन्नी बी नाही दिली कोणी."

पहिला आठवडा संपला आणि मी सहज सांगितलं की सोमवारी शर्यतीला सुटी असते.

"सुटी?" माय कंबर सरळ करून उभी राहिली. हे ती फार क्वचित करायची. "त्याहिले सुटी राह्यते?"

"दोनदा. आठवडा झाला की एक दिवस."

मायनं ओळीकडे पाहिलं. अकरा बाया तिच्याकडे बघत होत्या. बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी पांढऱ्या पडलेल्या, कुणी पायाला हळद-तेल लावून आलेली, कुणी मेंदी.  संध्याकाळी गुरुजी धुऱ्यावर आले. शाळेतून निवृत्त झालेले, चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलेलं. माय त्यांना म्हणाली, "गुरुजी, सोमवारी आमाले सुटी पायजे."

"ऐन रोवणीत सुटी?" गुरुजींचा चष्मा नाकावर घसरला. "पऱ्हे पिवळे पडून राहिले, अन् या बांधीची नहराच्या पाण्याची पाळी बुधवारी संपते. अर्धी बांधी सुकी राह्यली तर मी का करू?"

"मंगळवारी दोन दिवसाचं काम करून देतो."

"अन् नाही झालं तर?"

मायनं हातातली पेंढी सोडायला घेतली. ती कधी खोटा शब्द द्यायची नाही. तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून काकूचा आवाज आला, "होते गुरुजी. अन् त्या दिवशी जवाई बी सुटीवर हाये."

"कोणाचा जवाई?"

बाया हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. गुरुजींना सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा ते आधी रागावले, मग म्हणाले, "कोणता डोंगर चढतेत ते?" मी आल्प्स म्हटलं. गुरुजी वळून निघाले. पण जाताना "मंगळवारी सातला" एवढं म्हणून गेले, म्हणजे सुटी मिळाली होती.

त्या सोमवारी माय दुपारी झोपली. मी तिला दुपारी झोपलेलं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. छपरीत, उशाखाली हात घेऊन, तोंड थोडं उघडं. भिंतीच्या पलीकडे काकू केस धूत होती. शिकेकाईचा वास वेलाच्या पानांतून आमच्याकडे येत होता आणि बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज येत होता. मी पुस्तक उघडून बसले होते आणि एक ओळ वाचली नाही.

मंगळवारी आम्ही सातला बांधीत होतो. गुरुजी स्वतः धोतर खोचून पेंढ्या फेकायला उतरले. सूर्य बुडायच्या आत त्या बांधीची शेवटची ओळ धुऱ्याला टेकली, तेव्हा ते म्हणाले, "बुधवारच्या आत झालं," आणि पिशवीतून शाळेचा जुना नकाशासंग्रह काढला. त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी तो घेऊन विहाराच्या पायऱ्यांवर यायला लागले. डोंगरांची उंची तेच सांगत. एका चढाचा आकडा सांगून म्हणाले, "आपल्या गायमुखच्या टेकड्या एकावर एक किती ठेवाव्या लागतील, करा हिशोब." आम्ही कुणी केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात बगळा पडला. ओला उतार, वळण, आणि एकदम चार-पाच सायकली एकमेकींवर. त्यात तो. उठला, सायकल उभी केली, निघाला, पण कोपरातून रक्त वाहत होतं आणि शर्ट पाठीवर फाटला होता. मिनिटभर मागे पडला. माय उठून घरी गेली. मी गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती, भाकर करपली होती.

दुसऱ्या दिवशी बांधीत चर्चा नव्हती. पहिल्यांदाच पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग काकू खाली बघतच म्हणाली, "पोरी, मायले सांग, हाड मोडलं नाही त्याचं. माझ्या पोरानं मोबाईलवर पाहून सांगतलं. आज चालवणार हाये तो."

मी मायकडे वळले. मायनं मान हलवली. "ऐकलं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते मला कळलं नाही.

आणि मग तो डोंगराचा दिवस आला. शेवटच्या आठवड्यातला सगळ्यांत मोठा चढ, वर घाट, घाटावर शेवट. गुरुजींनी नकाशावर पेन्सिलनं खूण करून आणली होती. दिवसभर बांधीत एकच गोष्ट. बगळा आज सुटला नाही तर पुन्हा सुटणार नाही. काकू म्हणे, जवाईचे सात जण त्याला सोडणार नाहीत. माय म्हणे, वर जाईपर्यंत सातातले दोन उरतील, मग बघा. गुरुजी धुऱ्यावरून म्हणाले, "कोपराचं काय?" 

संध्याकाळी पायऱ्या भरल्या. वाचन ऐकायला येणारे होते त्यापेक्षा थोडे जास्तच. चढ सुरू झाला. जवाईच्या टीमचे एकेक गळायला लागले, मायनं सांगितलं होतं तसेच. सहा, चार, दोन. आणि बगळा, जो इतका वेळ मागे मान खाली घालून बसला होता, एकदम बाजूनं निघाला. गादीवरून उठलासुद्धा नाही. बसल्या बसल्या गेला.

"सुटला!" तुळसाआजी ओरडली.

आणि माझा मोबाईल अडकला. चित्र तिथेच थांबलं, बगळ्याचं तोंड उघडं, वर ते गोल फिरणारं चक्र. मी मोबाईल हलवला, बंद करून चालू केला. काही नाही. मी तो घेऊन पळाले, रस्त्यावर, हातपंपापर्यंत, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चार पायऱ्या. नेटवर्कची एक काडी येत होती, जात होती.

काकूच्या मोबाईलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम होतं. हे मला मागून कळलं. ती विहाराच्या वरच्या पायरीवर गेली, भिंतीला चिकटून मोबाईल उंच धरला, आणि तिच्याकडे चित्र चालू झालं. पण पडदा हाताच्या पंज्याएवढा, वरून पाण्याचे थेंब, तिच्याशिवाय कुणाला दिसेना. माय सगळ्यांत खाली बसली होती. मधे सगळा गाव. आणि निरोप न्यायला मी नव्हते.

मी हात हलवत परत येत होते, तेव्हा मला आवाज ऐकू आला. मायचा.

"सिंधू, कुठं पोहचला वो?"

मी जिथे होते तिथेच थांबले.  गुरुजींनी नकाशा मिटला. दोन वर्षांत पहिल्यांदा ते नाव मायच्या तोंडून निघालं होतं, आणि निघालं ते असं, की ती जणू कालच हाक मारून गेली होती.

काकूनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "वळणावर हाये," ती म्हणाली. "तीन वळणं राह्यले."

"जवाई?"

"मागं हाये. गंजच मागं. तोंड पाह्य त्याचं, दही सांडल्यासारखं झालं."

"अन् कोपर?"

"कोपर हाये न बाई जागच्या जागी. थांब. थांब न वो. दोन वळणं."

असं ते शेवटपर्यंत चाललं. काकू बघत होती आणि माय विचारत होती. बाकीचे आम्ही नुसते त्या दोघींकडे बघत होतो. बगळा वर पोचला तेव्हा काकूनं दोन्ही हात वर केले, मोबाईलसकट, आणि तिच्या जवाईच्या विरोधात एवढ्या जोरानं ओरडली की विहाराच्या मागची कुत्री भुंकायला लागली.

त्या दिवसाअखेर बगळा जवाईच्या अगदी जवळ आला होता. अर्ध्या मिनिटापेक्षा थोडं जास्त अंतर राहिलं होतं. आणि शेवटून दुसऱ्या दिवशी एकेकट्यानं, घड्याळाशी चालवायची शर्यत होती. ना कुणी वाऱ्याला आडवं, ना कुणी पाणी आणून देणारं.

"आता जवाईचं कसं होनार?" दुसऱ्या दिवशी बांधीत माय सरळ काकूलाच विचारत होती. माझी निरोप्याची नोकरी गेली होती, आणि मला तिचं अजिबात वाईट वाटलं नाही.

"तो एकटा बी तेवढाच चांगला चालवते," काकू म्हणाली. "तुले सांगतो न मी. तू नुसती पाठ पाह्यते, पाय पाह्यत नाही."

"पाठ चांगली तर पाय चांगले."

"बगळ्याचं कोपर दुखून राहिलं. त्या वाकड्या हँडलवर कोपर टेकवून बसा लागते. मी पाह्यलं कालच्या फोटोत."

माय थांबली. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं रोपं तशीच हातात धरून काकूकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हो वो. ते खरं हाये."

तसंच झालं. बगळ्यानं चांगली चालवली, अर्ध्या रस्त्यापर्यंत तर तो पुढे होता. मग तो गादीवर सारखा सरकायला लागला, एक हात उचलून झटकायला लागला. त्याची पाठ हलायला लागली. मायनं पदर तोंडाशी धरला. शेवटचा दिवस मिरवणुकीसारखा गेला, आणि तो पुन्हा दुसराच आला. जवाई पिवळा शर्ट घालून वर उभा राहिला, आणि बगळा त्याच्या बाजूला, मान थोडी वाकवून, हसत. पराभूत माणूस इतकं मनापासून हसताना मी कमी पाहिलाय.

घरी आल्यावर माय छपरीत नुसती बसून राहिली. दिवा लावला नाही. थोड्या वेळानं भिंतीच्या बाजूनं काकू आली, दारातून, सरळ, हातात झाकलेली वाटी. दोन वर्षांत तिचा पाय आमच्या उंबऱ्याला लागला नव्हता. मला वाटलं, जिंकल्याचे पेढे. वाटीत दोडक्याची चटणी होती.

"खाल्लं का?" काकू म्हणाली.

"मन नाही."

"मन नाही तर नाही. पोटाले खा लागते." काकू तिच्या शेजारी बसली. वाटी दोघींच्या मधे ठेवली. मग काकू म्हणाली, "जिंकला माझा जवाई. पण खरं सांगू का, मी एकवीस दिवस तुझाच बगळा पाहत होतो."

माय हसली. डोळे पुसत हसली. मग म्हणाली, "भात टाकतो. बस तू."

ती रोवणी चार दिवसांनी संपली. शेवटच्या दिवशी रिवाजाप्रमाणे चिखल उडाला. तुळसाआजीनं गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर पाच बोटं उमटवली, आणि गुरुजी "अरे बापा, अरे बापा" करत धुऱ्यावरून पळाले. आम्ही सगळ्यांनी नहरात उतरून चिखल धुतला. पाणी थंड होतं, वाहत होतं, लुगडी फुगत होती. त्यानंतर अशी टोळी आणखी दोनच वर्षं टिकली. तुळसाआजी गेली. कुणी लेकीकडे गेल्या, कुणाच्या कंबरा गेल्या, मग यंत्र आलं. मला भंडाऱ्याला दवाखान्यात रक्त तपासायचं काम लागलं. बगळ्यानं शर्यत सोडली. आता तो सफरचंदाची बाग करतो, असं मी कुठेतरी वाचलं आणि मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं झालं, पाठ तर सरळ झाली असेल."

मी धुऱ्यावर अशी उभी असतानाच मोबाईल वाजला. माय होती.

"कुठं हायेस वो? बस येऊन तास झाला. सिंधू विचारून राहिली. लवकर ये, आज डोंगर हाये."

"येते," म्हटलं, आणि निघाले. वाटेत शाळेचं पटांगण लागतं. तिथे आले आणि पाय पुन्हा थांबले, कारण त्या वर्षीची एक गोष्ट इथलीच.

रोवणी संपल्यावरचा रविवार. काकू सकाळीच माझ्याकडे आली होती. इकडे तिकडे बघून म्हणाली, "पोरी, तुझी शाळेतली सायकल हाये न अजून? मले शिकव."

काकू पन्नाशीची होती. तिनं जन्मात सायकलवर पाय टाकला नव्हता. आमच्या टोळीतल्या कुणीच नाही.

"आता?" मी म्हटलं.

"मंग कधी? एकवीस दिवस पाहून पाहून पाय शिवशिवून राहिले माझे."

आतून माय म्हणाली, "पडशील, अन् मंग मलेच उचला लागन."

"मंग चल न तू बी. उचलाले."

पटांगणावर चिखल कमी होता. काकूनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. मी हँडल धरलं, मायनं मागचं कॅरिअर. पहिल्या दोन वेळा सायकल, काकू आणि आम्ही असे सगळेच कलंडलो. शाळेच्या भिंतीवर पोरं येऊन बसली. तिसऱ्या वेळी काकूचा तोल जमला. मी हँडल सोडलं. ती निघाली, मान पुढे, कोपर बाहेर, आणि मागे कॅरिअर धरून माय पळत होती.

अर्धं पटांगण झालं. काकूला कळलं की जमतंय.

"सोड आता," ती ओरडली. "येते मले. सोड न वो!"

"नाही सोडत!"

"अवं सोड! पोट्टे हासून राहिले!"

"हासू दे!"

मायचा श्वास फुलला होता, केस सुटले होते, पायात चिखलाचे गोळे. मी मधे उभी राहून दोघींना थांबा म्हणत होते, आणि दोघीही ऐकत नव्हत्या. काकूनं सुटायला म्हणून जोरात पायडल मारलं. आणि माय तेवढ्याच जोरानं पळाली.